चढावरच्या तीन जागा

बॅटरीवरची गाडी घ्यायला जाल तेव्हा ती आधी स्टँडवर लावून पाहा. चालवून नंतर. हा सल्ला ज्यांना दम लागतो त्यांच्यासाठी आहे, बाकीच्यांनी काहीही करावं. दुकानदार आधी चालवायला देतो, कारण चालवताना सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. मी आर्णीतल्या एका दुकानात एक मोठी गाडी मधल्या स्टँडवर ओढायला गेलो. गाडी जागची हलली नाही. मी मात्र काउंटरला टेकून, तोंड उघडं टाकून, बराच वेळ उभा राहिलो. दुकानातल्या माणसाने खुर्ची आणली, तांब्याभर पाणी आणलं. पाणीसुद्धा मला मोजून प्यायचं असतं, हे त्याला कुठून माहीत असणार?

माझं वय एकाहत्तर. गेल्या हिवाळ्यात माझ्या हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलं. हा डॉक्टरांचा शब्द. आमच्या गावात आता सगळे तो वापरतात, जणू विहिरीवरच्या मोटरीबद्दल बोलत आहेत. आता मी बरा आहे, म्हणजे सपाटीवर बरा आहे. गाडीही घेतली. ती ओसरीत उभी असते.

कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. पण तेवढंच कारण नाही. तीस वर्षांपूर्वी मी चार माणसांसमोर एक खोटं बोललो होतो, माझ्या बायकोबद्दल. ते खरं म्हणून चालत आलं. या आजारपणात ते माझ्या अंगावर परत आलं, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येणार आहेत.

चपलेचा पट्टा

दिवाळीनंतर पहिल्यांदा लक्षात आलं. आमचं वावर गावापासून अडीच किलोमीटरवर, वर माळाला लागून. मध्ये एक चढ आहे, त्याला आम्ही घाटी म्हणतो. नावाएवढी ती मोठी नाही. तरणा माणूस बोलत बोलत चढून जातो. मी त्या दिवशी मध्येच थांबलो आणि उगाचच पळसाच्या झाडाकडे पाहत राहिलो, कुणी पाहिलं तर झाड पाहतो आहे असं वाटावं म्हणून.

वय झालं, असं स्वतःला सांगितलं. मग पाय सुजले. चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा तो एक भोक सैल केला. दोन महिने असे काढले.

वंदना माझी एकुलती एक मुलगी. आर्णीला तिचं शिवणकामाचं दुकान आहे. एका रविवारी आली, माझ्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एसटीत बसवून यवतमाळला घेऊन गेली.

इकोच्या खोलीत छातीला गार चिकट काहीतरी लावतात. पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. झोपेतलं जनावर पाय हलवतं तसं ते हलत होतं. डॉक्टर अगदी तरुण. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दम लागतो?"

"आठ दिवस झाले असतील," मी म्हणालो.

"आठ दिवस?" वंदना मागून म्हणाली. "डॉक्टरसाहेब, ह्या चपलेच्या पट्ट्याले विचारा, तो खरं सांगन."

बाहेर बाकावर बसलो. भरती व्हायचं होतं. वंदना कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती, रागावली होती. मग म्हणाली, "तुमीबी आईसारखेच निंगाले, बाबा. तिनंबी असंच लपवलं. कोनाले सांगतलं नाही अन् मरून गेली. तुमाले तं मालूम होतं ना काय होते लपवून?"

मला छातीत काही झालं नाही. आजाराचं काही नाही, असं म्हणायचं आहे मला. पण त्या बाकावर मी जेवढा घाबरलो तेवढा इकोच्या खोलीत घाबरलो नव्हतो. कारण इंदूने, म्हणजे वंदनाच्या आईने, काहीही लपवलं नव्हतं.

काटा

दवाखान्यात अकरा दिवस होतो. बिनमिठाचं वरण, दिवसाला दीड लिटर पाणी, त्यात चहासुद्धा धरायचा. शेजारच्या खाटेवर पुसदकडचे एक गुरुजी होते. त्यांना जेवण आलं की ते डोळे मिटून म्हणायचे, "समजा, ठेचा हाये." मग आम्ही दोघं समजून जेवायचो.

या आजारात रोज सकाळी वजन करतात. अंगात पाणी साचलं तर वजन वाढतं, त्यावरून गोळ्या ठरतात. सिस्टर काटा घेऊन यायची, एकेकाला उभं करायची आणि दारातल्या दुसऱ्या सिस्टरला मोठ्याने सांगायची, "खाट सात, एकसष्ट!" सगळा वॉर्ड ऐकायचा. पहिल्याच दिवशी काट्यावर उभा राहिलो तेव्हा मी खाटेची दांडी सोडेना. सिस्टर म्हणाली, "काका, घाबरता कायले? वजनच तं करून राह्यले."

मी आयुष्यभर वजनं पुकारली आहेत. ज्यांनी कापसाचा वेचा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाया दिवसभर वेचतात, कमरेच्या ओटीत कापूस भरतात, ओटी भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपापल्या गाठोड्यात रिकामी करतात. दिवस कलला की निंबाच्या फांदीला काटा टांगायचा, एकेक गाठोडं अडकवायचं आणि मालकाने नाव घेऊन वजन पुकारायचं. सगळ्यांनी ऐकावं, मागाहून वाद नको. आमच्याकडे घरच्या बाईचं गाठोडंही काट्यावर चढायचं. तिला मजुरी नसायची, पण तिच्या वजनावरून बाकीच्यांना कळायचं की दिवसाला किती वेचणं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा इंदू पहिल्या तिघींत असायची. तिच्या दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बोंडं निघायची. मला ते पाहायला आवडायचं. मी धुऱ्यावर उभा राहून कामाच्या नावाखाली तेच पाहायचो. बाजाराच्या दिवशी मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आर्णीला न्यायचो. काळी सायकल, मागे ती एका बाजूला पाय सोडून, एक हात सीटखालच्या स्प्रिंगला धरून. कधी माळाच्या वाटेने परतायचो. कधी वावरावर जाताना हीच घाटी लागायची. चढ आला की टुणकन उतरायची आणि मागून सायकल ढकलायची. "हाना पायडल! मी हाओ ना मांगं!" मी पायडल मारायचो आणि खरं तर तीच मला वर चढवायची. वर पोचलो की दोघंही हसायचो, कारण दम मला लागलेला असायचा.

वंदना झाल्यानंतर काही वर्षांनी तिचं गाठोडं हलकं व्हायला लागलं. एका संध्याकाळी मी वजन पुकारलं आणि वर जोडलं, "इंदूचं गाठोडं हलकं अन् डबा जड!" बाया हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवशी लोक वाटच पाहत होते, म्हणून पुन्हा म्हणालो. मग तो रोजचा झाला. गावात लेकरंसुद्धा म्हणायची.

घाटी चढताना ती तीन ठिकाणी बसायची. तेव्हा सकाळी जाताना सायकलवर काटा आणि रिकामी पोती असायची आणि ती मागून पायी यायची. मी वर पोचून हाक मारायचो, "उठ वं, सांजेले काटा व्हायचा हाये!"

तिसऱ्या वेच्याच्या सुमारास ती गेली. यवतमाळला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. हृदयाची झडप आवळलेली होती, डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. तिचे वडील आले. ओसरीत माणसं बसली होती. त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, पोरीनं काई सांगतलं नव्हतं काय?"

मी म्हणालो, "नाही. लपवलं तिनं. हट्टी होती."

नऊ वर्षांची वंदना धान्याच्या कोठीला टेकून ऐकत होती. आज तिच्या दुकानात देवांचे फोटो आहेत, सासू-सासऱ्यांचा आहे. आईचा नाही.

शेवंताबाई

घरी आल्यावर पहिला महिना अंगणातच गेला. सपाटीवर चाला, चढू नका, जड उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वावर मक्त्याने दुसऱ्याला कसायला दिलं होतं, तिथे माझं काही अडत नव्हतं. पण ज्याने पन्नास वर्षं एक वाट रोज पाहिली त्याला ती बंद झाली की घरात बसून काय करावं कळत नाही. जे आजारातून उठले आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. औषधाची वेळ, वजनाची वही, दुपारची झोप, आणि मध्ये नुसता दिवस.

एका सकाळी कुणाला न सांगता निघालो. घाटी लागली. सपाट दगडाशी पोचलो आणि बसावंच लागलं. बाभळीखाली तो दगड आहे. बसल्यावर लक्षात आलं की मी कुठे बसलो आहे.

वरून शेवंताबाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. ही आमच्या वावरात वीस-पंचवीस वर्षं वेचायला यायची, इंदूची मैत्रीण. माझ्यासमोर थांबली, वाकून पाहिलं.

"काय भाऊजी," ती म्हणाली, "गाठोडं हलकं अन् डबा जड?"

मी दम घेत नुसता हात वर केला. तिने भारा उतरवला आणि समोर बसली.

"राग नका मानू. पन तुमाले इथं बसेल पाह्यलं अन् मले इंदीच दिसली. ह्याच गोट्यावर बसे."

"मले माहीत हाये."

"तुमाले काय माहीत हाये? तिचं गाठोडं हलकं म्हनून हासत होते ना तुमी? तेवढंबी तिचं नव्हतं. आमी चौघीजनी एकेक ओंजळ टाकत होतो तिच्यात. तुमी काटा टांगाले निंबाकडे वळले की."

"काहून सांगतलं नाही मले?"

"कोनाले सांगावं, भाऊजी? काटा कोनाच्या हातात होता?"

खालून कुणाची तरी बकरी ओरडत होती. शेवंताबाई पदराने मान पुसत राहिली. मग म्हणाली, "तिनं तुमाले सांगतलं होतं. मले मालूम हाये. मले म्हने, 'मालकाले म्हनलं, ते म्हनते वेचा होऊ दे.' अन् वंदी माह्याजवळ येते, म्हनते, मावशी, आई लय हट्टी होती. मी गप रायतो. आता माह्यंबी वय झालं. मी गेल्यावर तिले कोन सांगन?"

त्या दिवशी वर गेलो नाही. ती पुढे आणि मी मागे, असे दोघं उतरलो.

दुकान

शेवंताबाई मला सांगून थांबली नाही. वंदनाला फोन करून मी घाटी चढल्याचं सांगितलं. वंदनाचा फोन आला.

"बाबा, घाटी चढले तुमी? पायी?"

"हळूहळू."

"हळूहळू मराले काय?"

"अवं, वावर पाहाचं होतं."

मग म्हणाली, "मंग गाडी घेऊ. पन मी म्हनन ती."

मला पायडलवाली आवडली होती. काळी होती, मागे कॅरिअर होतं, घंटीसुद्धा जुन्यासारखी. पायडल मारा नाही तर नुसती मूठ पिळा, असं दुकानदार सांगत होता. मी कॅरिअरवरून हात फिरवत उभा होतो. वंदनाने विचारलं, "बॅटरी संपली तं?"

"मंग पायडल हाये ना ताई."

"बाबा, तिचीबी बॅटरी संपेल अन् तुमचीबी. मंग कोन कोनाले ढकलन?" दुकानदार हसला. मी हसलो नाही, मला मागून सायकल ढकलणारी आठवली.

दुसरी मोठी होती, स्टँडवर न गेलेली ती हीच. तिसरीची बॅटरी काढून घरात नेता येते, हे दुकानदार फार कौतुकाने सांगत होता. मी बॅटरी उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. तिच्यापेक्षा गाडीच ओसरीपर्यंत नेणं सोपं. म्हणून सांगतो, बॅटरी निघते का हे विचारू नका, ती रोज कोण उचलणार हे घरी ठरवा आणि गाडी उभी राहते तिथे प्लग बसवून घ्या. एका चार्जिंगमध्ये किती जाते ते दुकानदार सांगेल, त्याच्या अर्धं धरा. वंदनाने त्याच्या तोंडावरच अर्धं धरलं.

शेवटी जी घेतली ती सगळ्यांत साधी. सीट बुटकी, बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. हे महत्त्वाचं, कारण चक्कर आली तर नुसता चवडा नाही, पूर्ण पाऊल लागतं. मागे घ्यायला बटण आहे, पायाने रेटावी लागत नाही. साइड स्टँड एका पायाने निघतो. वेग म्हणाल तर वारा मागून असलेल्या सायकलएवढा. दुकानदार म्हणाला, "बाबाजी, ही तं बाया-लेकरं चालवते."

"मंग बरोबर हाये," वंदना म्हणाली. "पन भाऊ, पैसे घाटी चढल्यावर." त्याच्या घरचे ब्लाउज हिच्याच दुकानात शिवले जातात, म्हणून त्याने एका सकाळपुरती गाडी दिली. ज्या चढासाठी गाडी हवी त्याच चढावर ती पाहा, दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर नाही. पावसात आमच्या वाटेवर ती चालणार नाही. काळ्या मातीत तिचं चाक उभंच राहील. ते चार महिने मी अंगणातच. हेही आधीच कबूल केलेलं बरं.

घाटी

वंदना गाडी चालवत गावापर्यंत घेऊन आली. घाटीच्या पायथ्याशी मी बसलो. दोघांना घेऊन ती चढणार नव्हती, म्हणून वंदना बाजूने पायी. मूठ पिळली आणि गाडी चढू लागली. आवाज नाही, दम नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या चढावर मला इकडेतिकडे पाहता आलं. मोहाची झाडं, खाली गावाची पत्र्याची छपरं, देवळाची शेंदरी भिंत.

सपाट दगडाशी आलो आणि मी ब्रेक दाबला.

"काय झालं? बंद पडली?" वंदनाने विचारलं.

"नाही. इथं तुही आई बसे."

ती दगडाकडे पाहत राहिली. मी गाडीवरच बसून होतो. उतरलो असतो तर बोललो नसतो.

"वंदे, तिनं लपवलं नव्हतं. मले सांगतलं होतं. तीनदा. एकदा म्हने, चढावर कोनी छातीवर बसल्यावानी वाटते. एकदा म्हने, आडवं झोपता येत नाही. तिसऱ्यांदा म्हने, मंगळवारी यवतमाळले घेऊन चाला. मी म्हनलं, वेचा उरकू दे. तुह्या आज्यासमोर मी खोटं बोललो."

तिने दगडावर हात ठेवला. मग विचारलं, "त्या मंगळवारी मी कुठं होती?"

"शाळेत."

"मी तिच्यावर रागावून होती, बाबा." आवाज चढलेला नव्हता. "मले वाटे, माह्यासाठी तरी सांगाले पायजे होतं तिनं."

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. ती त्या दगडावर बसली. गुडघ्यांवर हात ठेवून, तिची आई बसायची तशीच. थोड्या वेळाने उठली.

"दुसरी जागा कोनती?"

दुसरी जागा वाटेखालच्या मोरीचा कठडा. तिथे बसली. तिसरी वरच्या मोहाच्या झाडाखाली, जिथे मुळं बाहेर आली आहेत. तिथून माथा दिसतो, पंचवीस-तीस पावलांवर. तिथेही बसली. तिने चप्पल काढली आणि पाय मुळांवर ठेवले.

"ती अशी बसली की तुमी काय करत होते?"

"वर जाऊन हाक मारत होतो."

"काय म्हनून?"

मी सांगितलं.

तिने माथ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज हाक नका मारू," ती म्हणाली. "थांबा."

मी चावी फिरवून गाडी बंद केली, साइड स्टँड लावला, आणि ती आपणहून उठेपर्यंत थांबलो.